कवळी आणि बेकर्स रनची हरिणी

बायकोला पुरून घरी आल्यावर एमिल कोस्तुरिकने कोट काढला, टोपी काढली आणि मग तोंडातली कवळी काढून स्वयंपाकघराच्या खिडकीतल्या ग्लासात ठेवून दिली. कोट आणि टोपी दुसऱ्या दिवशी पुन्हा अंगावर चढले. कवळी ग्लासातच राहिली. "या घरात आता चावण्यासारखं काय उरलंय?" असं म्हणून म्हातारा सूप, लापशी आणि कुस्करलेल्या बटाट्यावर दिवस काढू लागला. उन्हाळा गेला, मेपलची झाडं लाल व्हायला लागली, तरी गडी बधला नाही. कमरेच्या पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली, तीही आतल्या बाजूला.

ती कवळी त्याच्या मुलाने बनवलेली होती. बर्नी कोस्तुरिक जन्मभर कवळ्याच बनवत आला. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण बर्नीचं चांगलं भरलं होतं, हे त्याच्या शर्टाच्या बटणांवरून कळायचं. पिट्सबर्गच्या दक्षिणेला आमचा जो भाग आहे तिथले निम्मे म्हातारे त्याच्या दातांनी हसतात. बापाची कवळी म्हणजे त्याच्या हातचं सगळ्यात नेटकं काम, आणि ती रोज सकाळी ग्लासातून त्याच्याकडे बघून हसायची. हसणारच, असं बर्नीला वाटायचं. गावाच्या तोंडात दात बसवले आणि स्वतःच्या बापाच्या तोंडात घास बसवता येईना.

डॉक्टरीणबाईंनी बर्नीला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं, असंच चाललं तर यांना हिवाळा जड जाईल. बर्नी घरी आला आणि बापासमोर खुर्ची ओढून बसला.

"पप्पा, काय खावंसं वाटतं ते एकदा सांगून टाका. तुम्ही म्हणाल ते आणतो."

"हरीण."

"हरीण विकत मिळत नाही पप्पा. कायदाच आहे तसा."

"विकत कोण मागतंय? मारून आण. तुझी आई गुलाश करायची ना, मांसाचा लाल रस्सा, तसं वाडग्यात पडलं तर घालीन दात."

"मारून? मी?"

"नाही, ही रोझॅन."

रोझॅन, म्हणजे बर्नीची बायको, सिंकपाशी भांडी विसळत होती. "मला चालेल," ती म्हणाली. "लग्नात मी फुलांचा गुच्छ मागे न बघता फेकला, तो बरोब्बर बँडवाल्याच्या ट्रम्पेटात बसला होता."

आता बर्नी आणि शिकार यांचं नातं सांगायलाच हवं. एमिल पोलाद कारखान्यात होता. दरवर्षी नोव्हेंबरात थँक्सगिव्हिंगचा सण झाला की तो आणि त्याचे कारखान्यातले दोस्त बंदुका घेऊन उत्तरेच्या डोंगरात जायचे. आमच्याकडे शिकारीच्या पहिल्या दिवशी शाळांनाही सुट्टी असते, म्हणजे बघा. बर्नी बारा वर्षांचा झाला तसा बापाने त्यालाही नेला. सकाळभर बर्फात बसल्यावर एक शिंगवाला नर समोर आला, असा की कॅलेंडरवर छापावा. एमिलने बंदूक खांद्याला लावली आणि बर्नी शिंकला. नर गेला तो गेलाच. त्या दिवसापासून बर्नीचं नाव 'शिंकोबा' पडलं. त्याच्या लग्नात एमिलच्या दोस्तांनी ग्लास उंचावले तेही शिंकोबाच्या नावाने. ते सगळे दोस्त आता देवाघरी गेले होते. म्हणजे हरीण आणून देणारं कोणी उरलं नव्हतं, फक्त शिंकोबा उरला होता.

त्यातच बेकर्स रन पार्कमध्ये हरणं कमी करायची मोहीम निघाली. हे पार्क आमच्या घरांच्या मधोमध आहे. जंगल म्हणाल तर जंगल, नाहीतर जोडीला टेनिसची मैदानं आणि बार्बेक्यूच्या शेगड्या. हरणं इतकी माजली होती की दारातली शेवंती कुंडीत उतरायच्या आत त्यांच्या पोटात उतरायची, आणि रोज कोणाची ना कोणाची गाडी हरणाला धडकून गॅरेजात. यावर सभा झाली तेव्हा अर्धे लोक हरणांना नावं ठेवत होते आणि उरलेल्या अर्ध्यांनी हरणांची नावं ठेवली होती. एक बाई तर 'प्रिसिला'साठी हमसून रडल्या. शेवटी ठरलं, की निवडक लोकांना झाडावर मचाण बांधायला एकेक जागा द्यायची, बंदूक नाही, फक्त धनुष्यबाण, आणि आधी मादीच मारायची, कारण पुढची पिल्लं तीच घालते. नावं चिठ्ठ्या टाकून काढली. बर्नीचं नाव निघालं. नशीब आंधळं असतं म्हणतात, त्याला आता पुरावा मिळाला.

धनुष्य नवीन आणलं, दोन बाजूंना कप्प्या असलेलं. परीक्षा अशी, की जेवणाच्या ताटलीएवढ्या खुणेत बाण बसले पाहिजेत. बर्नीचा पहिला बाण शेजारच्या माणसाच्या ताटलीत मधोमध बसला. शेजारच्याने आभार मानले. दुसऱ्या वेळी मात्र बर्नी पास झाला. दाढेच्या खाचाखोचा घडवणारे हात होते, मन लावलं की थरथरत नसत.

मग नियम सांगायला सगळ्यांना पार्कच्या कचेरीत बसवलं. ग्वेन नावाची रेंजर होती, उंच, करड्या आवाजाची. ती बोलायला लागली आणि बर्नीचं लक्ष तिच्या वरच्या सुळ्याकडे गेलं. कोणीतरी कॅप बसवली होती, पण रंग! शेजारचे दात हस्तिदंती आणि हा पांढराशुभ्र, जणू बाथरूमची फरशी. हे कोणाचं काम असावं, कडा हिरडीवर दाबतेय का, आपण केलं असतं तर छटा कुठली घेतली असती, असा विचार करत बर्नी मान डोलवत राहिला. ग्वेनला वाटलं, इतका मन लावून ऐकणारा माणूस आपण पाहिला नाही. शेवटी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यानेही वाजवल्या.

तयारीच्या बाबतीत बर्नीने कशात कसूर ठेवली नाही. माणसाचा वास आला की हरीण पळतं म्हणून बिनवासाच्या साबणाने कपडे धुतले, ते सुक्या पानांबरोबर पिशवीत भरले. शुक्रवारी चर्चच्या तळघरात रोझॅनबरोबर पिरोगी, म्हणजे बटाट्याच्या सारणाच्या उकडलेल्या करंज्या, करायला गेला तो त्याच कपड्यांत, सवय व्हावी म्हणून. परत आला तेव्हा लोण्यात परतलेल्या कांद्याचा वास त्याच्या पाठोपाठ घरात शिरला.

"छान," रोझॅन म्हणाली. "आता हरणांना नुसती भीती नाही, भूकही लागेल."

"हसतील त्यांचे दात दिसतील," बर्नी फणकाऱ्याने म्हणाला.

"ते तूच बनवलेले असतील."

एमिल सूप ढवळत ऐकत होता. त्याने एवढंच विचारलं, "वारा बघता येतो का?"

"येतो पप्पा. फोनवर दिसतो."

म्हाताऱ्याने डोळे मिटून घेतले.

पहिल्या दिवशी पहाटे बर्नी तोंडाला हिरवे-काळे पट्टे ओढून, पडू नये म्हणून कमरेला पट्टा अडकवून मचाणावर चढला. उजाडलं. पानं गळत होती, खारी पळत होत्या, आणि बर्नीला आपण अगदी आदिमानव असल्यासारखं वाटायला लागलं. मनातल्या मनात त्याने स्वतःला झाडाच्या खोडात मिसळून टाकलं.

"गुड मॉर्निंग बर्नी!" खालून आवाज आला. मिसेस लोवेल कुत्र्याला घेऊन पायवाटेवर उभ्या होत्या. "बरं झालं भेटलास. ती खालची कवळी सफरचंद खाताना सटकते रे."

"मिसेस लोवेल, मी... मी इथे नाहीये," बर्नी कुजबुजला.

"हो का? मग सोमवारी असशील ना दुकानात? येते मी."

त्या गेल्या आणि त्यांच्या मागोमाग दोन हरणं पायवाटेनेच, कुत्र्याच्या शेपटीवर नजर ठेवून, सावकाश निघून गेली. बर्नी धनुष्य उचलेपर्यंत ती टेनिसच्या मैदानाआड झाली होती.

असे बरेच दिवस गेले. बर्नी झाडावर बसून थंडीने कडक व्हायचा, घरी यायचा, आणि एमिल खिडकीतून सांगायचा, "आत्ताच गेली. तीन होती. तुझी शेवंती खाल्ली, जरा वाट पाहिली, मग म्हणाली आता येत नाही हा." घरापाशी बाण सोडायला परवानगी नव्हती. हरणांना हे कोणी सांगितलं असावं, हे बर्नीला शेवटपर्यंत कळलं नाही.

या सगळ्यात एक गोष्ट त्याच्या छातीवर दगडासारखी बसून होती. एमिल अर्धं सूप टाकून द्यायला लागला होता. त्याला अंघोळीला धरताना खांद्याची हाडं बर्नीच्या तळहाताला लागायची. बर्नी घाबरला होता, खरोखर घाबरला होता, आणि घाबरलेला माणूस करतो तेच करत होता, म्हणजे भलत्याच झाडावर चढून बसत होता.

मग एका सकाळी ती आली. एकटी, मोठी, तुकतुकीत मादी, अगदी मचाणाच्या समोरून चालली होती. बर्नीने धनुष्य ताणलं. हात स्थिर होते. पण ती थांबेचना, आणि चालत्या जनावरावर बाण सोडायचा नाही हे त्याला ठाऊक होतं. त्याच वेळी नाकात हुळहुळलं. नाही, नाही, आता नाही, असं तो मनात म्हणाला. ओठ आवळले, जीभ टाळूला लावली, आईची आठवण काढली. पाचदहा पावलांत ती झुडपाआड जाणार होती.

बर्नी शिंकला.

हरिणी जागच्या जागी थबकली आणि मान वर करून नेमकी त्याच्याकडे बघू लागली. शिंकणाऱ्याला म्हणतात तसं 'देव तुझं भलं करो' एवढंच म्हणायची राहिली होती. पण शिंकेच्या हिसक्याने बाण सुटला होता. तो बसला, पण छातीत बसायचा तो मागे, पोटाकडे बसला. ती उडी मारून ओढ्याच्या दिशेने पळाली.

थोडं थांबून, पट्टा सोडून, बर्नी रक्ताचे थेंब शोधत निघाला. थेंब वाकत, वळत, खूप लांब गेले आणि ओढ्यावरच्या लाकडी पुलाशी आले. पुलावर साखरपुडा झालेलं एक जोडपं लाल पानांच्या पार्श्वभूमीवर फोटो काढून घेत होतं. नवरीमुलीने मान कलती करून हसू धरून ठेवलं होतं, आणि तिच्या पुढ्यात तोंडाला रंग फासलेला, हातात धनुष्य घेतलेला, नाक वाहणारा एक ढेरपोट्या माणूस येऊन उभा राहिला.

"माफ करा," बर्नी म्हणाला, "इथून कोणी गेलं का?"

फोटो काढणाऱ्याने ओढ्याच्या पलीकडे बोट दाखवलं. "अभिनंदन हं," बर्नी जाता जाता त्या दोघांना म्हणाला.

हरिणी फर्नच्या झुडपांत पडली होती, गेलेली. बर्नी तिच्याजवळ गुडघ्यांवर बसला. तिचे कान उबदार होते. नेम नीट असता तर इतकं पळावं लागलं नसतं तिला, आणि ते आपल्यामुळे झालं, याचं त्याला फार वाईट वाटलं. तिची त्याने माफी मागितली. फोटो काढायचं त्याला सुचलंसुद्धा नाही.

फिरायला येणाऱ्यांना दिसू नये म्हणून तिला निळ्या ताडपत्रीत गुंडाळून न्यायचं होतं. ते ओझं ओढत, धापा टाकत, बर्नी वाहनतळावर पोचला तेव्हा त्याच्या मनात एकच चित्र होतं, गुलाशच्या वाडग्याचं. ग्वेनने ताडपत्री उचलून पाहिली आणि पाठीवर थाप मारली.

"शाबास! मादी, शिवाय केवढी! फूड बँकेचा ट्रक दुपारी येतोय, तिकडे त्या शेडमध्ये टांगू या."

"कसला ट्रक?"

"पहिलं हरीण गरजूंसाठी. पुढचं तुमचं. सांगितलं होतं ना?"

"कधी?"

"त्या दिवशी. तुम्ही तर एवढं टक लावून ऐकत होता!"

बर्नीने ओठांवर आलेलं सत्य गिळायचा प्रयत्न केला, पण दमलेल्या माणसाला ते जमत नाही. "मी तुमचा सुळा बघत होतो," तो म्हणाला. "रंग चुकलाय त्याचा."

ग्वेनने तोंडावर हात ठेवला. बाकी ती चांगली बाई. पण नियम तो नियम, आणि हरिणी शेडमध्ये टांगली गेली.

घरी येऊन बर्नीने बापाला सगळं सांगितलं, म्हणजे शिंक वगळून सगळं. पहाट, मादी, बाण, पूल, नवरीमुलगी, ताडपत्री, ट्रक. एमिलने शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे हरीण मारलंस," तो म्हणाला, "आणि देऊन टाकलंस."

"हो पप्पा."

"फोटो?"

"नाही काढला."

म्हाताऱ्याने खिडकीतल्या ग्लासाकडे बोट केलं. "तिला सांग. ती हसेल तरी."

आपलेच दात आणि आपलेच ओठ, तक्रार कोणाकडे करणार? हंगाम संपेपर्यंत बर्नी रोज मचाणावर बसला. पुढचं हरीण आपलं, हे त्याने आता पाठ करून ठेवलं होतं, पण पुढचं हरीण काही आलं नाही. ती सगळी त्याच्या अंगणात होती. शेवटच्या दिवशी त्याने मचाण उतरवलं, ते खांद्यावर घेऊन घरी आला आणि रोझॅनसमोर लहान मुलासारखा रडला.

"झालं तुझं?" तिने त्याचं नाक पुसलं. "मग ऐक. चर्चच्या तळघरात गुरुवारी म्हाताऱ्या माणसांचं जेवण असतं ना, त्याला फूड बँकेतून सामान येतं. या आठवड्यात हरणाचं मांस आलंय. तिथला स्वयंपाक बघणारी थेल्मा गुलाश करणार आहे."

गुरुवारी बर्नीने कवळी धुतली, स्वच्छ रुमालात गुंडाळून कोटाच्या खिशात टाकली आणि बापाला गाडीत बसवलं. एमिल कुरकुरत आला. तळघरात लांब टेबलं मांडलेली, खिडक्या वाफेने धूसर झालेल्या, सगळीकडे कांदा आणि पाप्रिका मिरचीचा वास. थेल्माने वाडगा आणून ठेवला. एमिलने त्यावर वाकून, डोळे मिटून वास घेतला.

"कोणाचं?" त्याने विचारलं.

"आपल्या पार्कमधली हरणं आहेत. फूड बँकेतून आलीत."

"तुझं आहे?"

समोरून, पिरोगीच्या टेबलामागून, रोझॅन डोळे मोठे करून मान हलवत होती, हो म्हण, हो म्हण. 'हो' बर्नीच्या जिभेवर आलंही होतं. पण जन्मभर खोटे दात बनवलेल्या माणसाला खोटं बोलणं कधी जमलं नाही.

"माहीत नाही पप्पा. सगळ्यांची एकत्र कापतात. असेल, नसेलही."

म्हाताऱ्याने हात पुढे केला. "आण."

"काय?"

"मघापासून खिसा फुगलाय तुझा. आण."

बर्नीने रुमाल सोडला. एमिलने कवळी बसवली, जबडा इकडेतिकडे हलवला, काट्याने एक तुकडा तोंडात घातला आणि चावू लागला. कवळीचा खटखट आवाज येत होता. हिरड्या आक्रसल्यात, हे बर्नीला ऐकूनच कळलं. एमिल चावतच होता.

"वातड आहे," शेवटी तो म्हणाला.

"हो?"

"जागच्या जागी पडलेलं जनावर असं लागत नाही. ही लांब पळालीय, घाबरून. बाण मागे बसलाय." त्याने दुसरा तुकडा घेतला, तोही चावला, गिळला आणि काटा बर्नीकडे रोखला. "बाण सोडताना शिंकलास ना?"

बर्नीच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. "हो पप्पा."

"मग तुझीच आहे ही."

बर्नीने रुमाल तोंडाशी नेला, तो कवळीच्या पाण्याने ओला होता, आणि वर आणखी ओला झाला.

"शिंकोबा," एमिल हळूच म्हणाला. मग वाडगा पुसून खाल्ला आणि पुढे सरकवला. "कवळी सैल झालीय. तीही तुझीच. उद्या बघ. आता जा, अजून घेऊन ये, आणि थेल्माला म्हणावं मोठे तुकडे बघून घाल."

बर्नी वाडगा घेऊन उठला आणि रांगेत जाऊन उभा राहिला.